ओठांची रेघ

ताईचे तोंड वाकडे झाले तेव्हा नववीचा अख्खा वर्ग तिच्याकडे एकटक पाहत होता. एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत पाहत होता. पाहणे हेच तर त्यांना दिलेले काम होते. ज्याने त्यांना पाहायला शिकवले, तो ताईचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच खोलीत हातात खोडरबर घेऊन फिरत होता. त्याला काही दिसले नाही.

नंतर या गोष्टीला शाळेत ज्याने त्याने आपापल्या परीने तिखटमीठ लावले. त्याची गरज नव्हती. घडले ते घडले तसेच पुरेसे होते.

सर त्या माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत. मुले त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘खोडरबर’. हे नाव त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. त्यांची शिकवण्याची पद्धतच तशी होती. फळ्यापाशी उभे राहून बोलणे त्यांना पटत नसे. ते मुलांच्या मागे जात, खांद्यावरून वाकत, कागदावरची चुकलेली रेघ पुसून टाकत आणि तिच्या जागी एकच ठाम रेघ ओढून म्हणत, “हे बघ. असं.” वर्षानुवर्षे तासभर मुलांच्या पाठीमागे फिरायची सवय लागलेली. तासाला त्यांची नजर कागदांवर असे. समोर काय ठेवले आहे ते त्यांना पाठ असे, मग ते मडके असो, फुलदाणी असो की नाक झिजलेला प्लॅस्टरचा पुतळा.

त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आले की मुलांनी खरा, वय झालेला चेहरा काढावा. मुले एकमेकांसमोर बसली की खिदळत, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या गुळगुळीत चेहऱ्यात शिकण्यासारखे फार काही नसते. नेमकी ताई काही आठवडे त्यांच्याकडे राहायला आली होती. तिचा जन्म टेलिफोन ऑफिसात गेला. आयुष्यभर तिने दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आणि निवृत्त झाल्यापासून तो सगळा अनुशेष ती स्वतः बोलून भरून काढत होती. घरात तिला ‘रेडिओ’ म्हणत.

“चालेल की,” ती म्हणाली. “नुसतं बसायचंच ना? आयुष्यभर तेच केलंय.”

पहिल्या दिवशी ती बसली खरी, पण नुसती नाही.

“बाळा, नाक जरा लहान काढ हं. आमच्या आईनं ते घाईत केलंय.”

शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा, ज्याला सगळे लंबू म्हणत, त्याने विचारले, “मावशी, हनुवट्या किती काढू? एक की दोन?”

“तुझ्या मार्कांएवढ्या काढ.”

“मग शून्य काढाव्या लागतील, मावशी!”

वर्ग फिस्सकन हसला. ताई त्याहून मोठ्याने हसली. तास संपला तेव्हा प्रत्येक कागदावर तोंड निराळ्या जागी होते. कुठे उघडे, कुठे मिटलेले, कुठे दोन्ही एकावर एक. सरांनी कागद गोळा केले आणि कपाळाला हात लावला.

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला.

“ताई, उद्या तोंडाला कुलूप.”

“मी कुठं बोलत होते? मुलं विचारत होती, मी फक्त उत्तरं देत होते.”

“ओठांची रेघ हलली की सगळा चेहरा हलतो. महिनाभरात त्यांची परीक्षा आहे.”

“रेघेला काय होतंय? परत काढायची.”

“ताई.”

“बरं बाबा. उद्या मी दगड. तू येऊन चिमटा काढलास तरी हूं की चूं करणार नाही. मग तर झालं, धाकट्या?”

“तुला जमणार नाही.”

“लाव पैज.”

“लागली.”

सकाळी ताई उठायच्या आतच सर घराबाहेर पडले. त्यांना वर्गात एका बाजूच्या खिडक्यांवर ब्राऊन पेपर चिकटवायचा होता. उजेड एकाच बाजूने आला म्हणजे अर्धा चेहरा लख्ख दिसतो, अर्धा सावलीत जातो, आणि छायाप्रकाश म्हणजे काय ते मुलांना न सांगता कळते. वरच्या मजल्यावरची ती शेवटची खोली. कोपऱ्यात रंगांचे डाग पडलेले बेसिन, तोटी कायम ठिबकणारी. मध्ये एक बुटका लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची.

घंटा झाली तेव्हा सर शेजारच्या सामानाच्या खोलीत बोर्डाचे चिमटे शोधत होते. चिमटे घेऊन ते परत आले तर वर्ग चिडीचूप होता आणि ताई खुर्चीत बसलेली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, उजेड बरोबर डाव्या गालावर. सरांना मनापासून आनंद झाला. आपण काही बोललो तर तीही बोलेल, म्हणून ते तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. तिने त्यांच्याकडे पाहून ओळखीचे हसू दिले होते का, हे पुढे त्यांनी किती आठवले तरी त्यांना आठवले नाही.

“कालचे कागद विसरा. नवा कागद,” ते म्हणाले. “आधी डोक्याचा आकार. मग मध्यरेषा, डोळ्यांची रेघ, नाक, ओठ. सावलीला कोणी हात लावायचा नाही, ती दुसऱ्या तासाला.”

आणि ते मुलांच्या मागे गेले.

पहिला तास सोन्यासारखा गेला. सरांना वाटले, इतक्या वर्षांत असा वर्ग आपल्याला लाभला नव्हता. मधली घंटा झाली. चित्रकलेचे दोन तास जोडून असत, त्यामुळे कोणी जागचे हलले नाही. पुढे थोड्या वेळाने सर बाजूने पुढे येत होते, तर ताईचा उजवा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेने लोंबत असलेला त्यांना दिसला. डुलकी लागली वाटते, ते मनात म्हणाले. त्यांनी हात उचलला, परत मांडीवर, दुसऱ्या हातावर नीट ठेवला.

“एवढा वेळ बसलीस,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता थोडक्यासाठी हलू नकोस.”

हात जड लागला. ताईने डोळे त्यांच्याकडे वळवले. पण तोवर सर पहिल्या बाकावरच्या कागदावर वाकले होते.

मग ती तोंडे दिसू लागली. पहिले लंबूच्या कागदावर. ओठांची रेघ निम्म्यापर्यंत सरळ, आणि तिथून कोपरा खाली ओघळलेला.

“मावशींची चेष्टा करतोस?”

“नाही सर, शप्पथ. तसंच दिसतंय.”

“तुझ्या डोळ्यांना तसं दिसतंय.” सरांनी ती रेघ खोडली आणि सरळ काढून दिली. “हे बघ. असं.”

पुढच्या बाकावर तेच, त्याच्या पुढच्यावरही. काहींनी आता कुठे ओठांना हात घातला होता, काही पहिल्या तासाची रेघ सुधारत बसले होते, आणि सगळ्यांचा कोपरा खालीच. चौथ्या कागदावर सर थांबले. एका मुलाची चूक ती चूक, पण चार मुले एकच चूक करतात तेव्हा कारण शोधावे लागते, आणि कारण त्यांच्याकडे तयार होते. उजवी बाजू सावलीत होती. त्यांनीच ती सावलीत घातली होती.

“इकडे लक्ष द्या,” ते वर्गाच्या मागून म्हणाले. “अंधाराच्या बाजूची कडा डोळ्याला खाली ओढते. तुम्हाला ओठ पडल्यासारखे वाटतायत ते सावलीमुळे. चेहऱ्याचे दोन्ही भाग सारखे असतात. फसू नका. सरळ करा.”

बोलणे अभ्यासू होते, ऐकायलाही पटण्यासारखे होते. वर्गभर खोडरबरांची खसखस सुरू झाली. तीसेक मुलांनी ताईचे तोंड सरळ केले.

फक्त एकीने केले नाही. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी ही मुलगी कशाचेही माप घेतल्याशिवाय पुढे जात नसे, म्हणून तिला सगळे पट्टी म्हणत. सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“ऐकलं नाहीस का?”

“ऐकलं सर. पण मी मोजलंय. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही बाजू सारख्या नाहीत.”

“सावली आहे ती.”

“सावली रंग बदलते सर, माप नाही बदलत. तुम्हीच सांगितलंय, माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा.”

“दिसतं ते नीट दिसलं तर ना!” सर जरा चिडलेच. ज्या चेहऱ्याने त्यांना लहानपणी भरवले होते, मारले होते, त्या चेहऱ्याविषयी त्यांना कोणी शिकवायचे राहिले नव्हते. “हा चेहरा मी जन्मल्यापासून बघतोय.”

त्यांनी तिच्या हातातला बोर्ड ओढून घेतला आणि ओठ पुसले. कागद तिथे आधीच खरखरीत झाला होता. त्यांनी सरळ रेघ मारली.

पट्टी कागदाकडे पाहत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मग सर, ती लाळ पण नाही का काढायची?”

सरांनी मान वर केली.

दोन तासांत त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिले ते तेव्हा पहिल्यांदा. ओठांचा उजवा कोपरा हनुवटीकडे ओढला गेला होता. तिथून एक चकचकीत धागा पदरावर उतरत होता. उजव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली. डावा डोळा टक्क उघडा होता आणि त्यांच्यावर खिळलेला होता. किती वेळ खिळलेला होता, देव जाणे.

सर धावले. बोर्ड कुठे पडला, वाटेतली बाके कशी सरकली, त्यांना कळले नाही. ते चौथऱ्यापाशी गुडघ्यांवर बसले.

“ताई. ए ताई. काय होतंय?”

ती बोलली नाही.

“अगं बोल. पैज संपली. तू जिंकलीस. बोल ना आता!”

ताईच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता तो. जड भांडे फरशीवरून ओढावे तसा काहीतरी. मागे एका मुलीने हुंदका दिला आणि मग सगळा वर्ग उभा राहिला. पुढे कोणी येईना आणि मागे कोणी जाईना.

लंबू मात्र दाराबाहेर पळाला होता. तो पीटीच्या सरांना घेऊनच आला. पीटीचे सर आडदांड गडी. त्यांनी एक नजर टाकली, ताईला लहान मुलासारखे उचलले आणि जिना उतरू लागले. “गाडी काढतोय. ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायला नको. चला!” सर मागोमाग गेले. त्यांच्या हातात खोडरबर तसाच होता. दवाखान्याच्या दारात कोणाच्या तरी लक्षात आले, तेव्हा त्यांनी तो मुठीत पार चुरडला होता.

ताईला आत नेऊन डोक्याचे फोटो काढले. तरुण डॉक्टर होती, तिच्या बोलण्यात पाल्हाळ नव्हते.

“केव्हा सुरू झालं?”

“आत्ता. म्हणजे, आत्ता लक्षात आलं.”

“लक्षात केव्हा आलं ते नाही विचारत. झालं केव्हा?”

“माहीत नाही.”

“तुम्ही कुठे होता?”

“समोर,” सर म्हणाले, आणि मग त्यांना ते खोटे वाटले. “मागे. मुलांच्या मागे.”

“त्यांना शेवटचं नीट बोलताना कधी ऐकलंत?”

“काल रात्री. जेवताना.”

डॉक्टरची लिहिणारी बोटे थांबली. “आज सकाळपासून एक शब्द नाही?”

“बोलायचं नाही असं ठरलं होतं.”

“ठरलं होतं?”

“पैज होती,” सर म्हणाले. भर दुपारी, पांढऱ्याशुभ्र खोलीत, एका अनोळखी बाईसमोर हा शब्द त्यांना स्वतःलाच पोरकट वाटला.

डॉक्टरने सांगितले ते असे. मेंदूत रक्तस्राव नाही, एका नळीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवणारे इंजेक्शन आहे. पण झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच ते देता येते. त्यानंतर दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. अधिक बारीक तपासणीचे मशीन इथे नाही, आणि जिथे आहे तिथे नेईपर्यंत वेळ हातचा जाईल.

“तुम्ही सांगता त्यावरून शेवटच्या ठीक होत्या त्या काल रात्री. झटका झोपेतही आलेला असू शकतो. या हिशेबानं मला इंजेक्शन देता येत नाही.”

“पण ती चालत आली शाळेत! जिना चढून आली.”

“तोंड सरळ होतं? हात उचलत होत्या? पाहिलंत तुम्ही?”

उचललेला तो जड हात सरांना आठवत होता.

“न दिल्यास?” त्यांनी विचारले.

“उजवी बाजू आणि बोलणं. किती परत येईल सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही.”

“अहो, असं काय करता!” पीटीचे सर इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते, ते एकदम पुढे आले. “हा मागे होता. पण पुढे अख्खा वर्ग बसला होता की! दोन तास दुसरं काय करत होती ती पोरं?”

फोन लागला. शाळेत मुख्याध्यापिका बाई वर्गाला खाली मैदानावर न्यायच्या खटपटीत होत्या आणि मुले हलायला तयार नव्हती.

“पट्टीला फोन द्या,” सर म्हणाले.

“कोणाला?”

सरांनी तिचे खरे नाव सांगितले. डॉक्टरने फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला.

“मी डॉक्टर बोलतेय. घाबरू नकोस. पाहिलंस तेवढंच सांग. मावशी वर्गात आल्या तेव्हा काय केलं त्यांनी?”

“तोंडावर बोट ठेवलं. आज बोलायचं नाही म्हणून. आणि लंबूला डोळा मारला.”

“कुठल्या हाताचं बोट?”

“उजव्या.”

“नीट आठव. समोरच्या माणसाचं डावं-उजवं उलटं दिसतं.”

“ते आम्ही पाचवीपासून शिकतोय, डॉक्टर. उजवाच. घड्याळ डाव्या हातात होतं.”

पीटीच्या सरांनी श्वास सोडला.

“तोंड?”

“सरळ होतं. पहिल्या तासाला मी ओठ काढले ते डोळ्यांच्या रेघेला समांतर होते. मोजले होते. मधली घंटा झाली तेव्हाही तसेच होते, कारण घंटेला मी परत एकदा ताडून बघितले. त्यानंतर उजवा कोपरा खाली यायला लागला. मी खोडून परत काढले. मग आणखी खाली आला. परत खोडून काढले. तिसऱ्यांदा सरांनी खोडले.”

“म्हणजे,” डॉक्टर सावकाश म्हणाली, “तो खाली येताना तू पाहिलास?”

“हो.”

डॉक्टरने फोनवर हात ठेवला आणि सरांकडे वळली. “ही सांगते ते खरं असेल तर वेळ आहे. भरपूर आहे. पण हे लहान मूल आहे, घाबरलेलं आहे, आणि चुकलं तर मी पेशंटच्या मेंदूत रक्त सांडवेन. सही तुमची लागेल. तुम्ही शिकवता तिला. चुकते का ती?”

तासापूर्वी सरांनी त्या मुलीच्या हातातून बोर्ड हिसकावला होता. तिची बरोबर असलेली रेघ त्यांनी आपल्या हाताने पुसली होती आणि स्वतःची चुकीची ठोकून दिली होती.

“मापात नाही चुकत,” ते म्हणाले. “द्या. कुठे करायची सही?”

सही त्यांना नीट करता आली नाही. नावातली अक्षरे एकमेकांवर चढली. इतकी वर्षे अक्षरलेखन शिकवणाऱ्या माणसाची ती सही पाहून पीटीच्या सरांनी नजर दुसरीकडे वळवली.

उरलेला दिवस त्या दोघांनी बाकड्यावर काढला. एकदा पीटीचे सर म्हणाले, “अरे, मीही रोज पोरांना पळताना बघतो. एखादा लंगडत असेल तर मला कळेलच असं नाही.” सरांचे समाधान व्हावे म्हणून म्हटले होते ते. झाले नाही. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आली. रक्तस्राव नाही, ती म्हणाली. उजव्या हाताची दोन बोटे हलली आहेत.

पुढच्या दिवसांत ताईचे तोंड बरेचसे जागेवर आले. चार पावले ती धरून चालू लागली. बोलणे मात्र भलत्याच वाटांनी परत येऊ लागले. पाणी हवे असले की ‘फोन’ म्हणायची. सरांना एकदा ‘वहिनी’ म्हणाली, आणि आपण चुकलो हे कळून तिच्या डोळ्यांत पाणी आले. उलट बोलायचे, टोमणा मारायचा, तर शब्द सापडत नसे आणि ती हात झटकून भिंतीकडे तोंड करायची. आपल्या बहिणीला गप्प बसलेले पाहणे किती भयंकर असते, हे सरांना आता कळत होते.

आठवड्याने ते शाळेत गेले. सकाळच्या प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिका बाईंनी पट्टीला पुढे बोलावून तिचे कौतुक केले. तिच्या निरीक्षणशक्तीमुळे एक जीव वाचला, असे त्या म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. पट्टी खाली मान घालून उभी होती. सरांना वाटले, लाजली असेल.

तास संपल्यावर सगळे गेले तरी ती बाकावरून उठली नाही.

“मावशी कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. शब्द चुकतात अजून.”

“सर, ते थांबवायला सांगा ना बाईंना. नोटीस बोर्डावर माझा फोटो लावणार आहेत.”

“लावू दे की. खोटं काय आहे त्यात?”

“सर, मला दिसत होतं.”

“म्हणून तर—”

“नाही सर. घंटेनंतर लगेच दिसत होतं. मला कळत होतं काहीतरी वाईट होतंय. सावली नव्हती, आणि मावशी चेष्टाही करत नव्हत्या. त्यांचा हात पडला तेव्हा तर पक्कंच कळलं.”

“मग बोलली का नाहीस? मी तुमच्यावर एवढा ओरडतो का?”

“तुमची भीती नव्हती.” ती बाकावर पडलेला रंगाचा डाग नखाने खरवडत होती. “मला जमत होतं, सर.”

“काय?”

“तोंड. मला कधीच जमलं नाही. तुम्ही दर वेळी म्हणता, माप बरोबर आहे पण जीव नाही. त्या दिवशी येत होता. मी काढायचे आणि ते बदलायचं, मी परत काढायचे आणि ते आणखी… खरं दिसायला लागायचं. माझा हात इतका छान चालत होता. मला वाटलं, अजून थोडं खाली आलं की…”

तिला पुढे बोलता येईना. सरांच्या अंगावर काटा आला होता. त्या काट्यात राग होता, आणि रागापेक्षा वाईट असे काहीतरी होते: ती काय म्हणते आहे ते त्यांना नीट समजत होते. तुझा दोष नाही, असे म्हणून तिला घरी पाठवणे सोपे होते. वर्गातल्या कुठल्याही दुसऱ्या मुलाला त्यांनी तसे पाठवलेही असते. पण ही मुलगी मोजून घेणारी होती. चुकीचे माप तिच्या लगेच लक्षात आले असते.

दाराबाहेर पुढच्या वर्गाची मुले गोळा होऊन ढकलाढकली करू लागली होती.

“घरी सांगितलंस हे?”

तिने मान हलवली. नाही.

“शाळा सुटली की माझ्याबरोबर चल. ताईला सांग.”

पट्टीचा चेहरा पांढराफटक पडला. “त्या खूप रागावतील.”

“रागावेलच. मलाही तिला काही सांगायचंय, अजून धीर झाला नाही. माझ्यावर तर ती त्याहून जास्त रागावेल.” सर उठले आणि खिडकीवरचा ब्राऊन पेपर टोकाला धरून ओढू लागले. डिंक घट्ट बसला होता. “रागावू दे. पोटभर रागवायचं तर तिला शब्द शोधावे लागतील.”

पट्टीने दप्तर बाजूला ठेवले आणि कागदाचे दुसरे टोक धरले.